पोलादाच्या रसातील वायू: पावसाळ्यात पिनहोल का वाढतात आणि छोट्या भट्टीवर काय करता येते

प्रश्न थोडक्यात असा आहे. धुळ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत तीन टनांच्या इंडक्शन भट्टीवर (विजेच्या चुंबकीय प्रभावाने धातू वितळवणारी भट्टी) पंप आणि व्हॉल्व्हचे कार्बन-पोलादी भाग ओतले जातात. उन्हाळ्यात माल चांगला निघतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये मशिनिंग करताना कातडीच्या खाली पिनहोल, म्हणजे वायूची टाचणीएवढी छिद्रे, उघडी पडू लागतात. तेथील तरुण अभियंत्याने तीन गोष्टी विचारल्या आहेत: व्हॅक्यूम डीगॅसिंगची (पोकळी करून रसातील वायू ओढून काढण्याची) सोय नसताना वायू काढता येतील का, लेडलमध्ये (रस वाहून नेण्याच्या पात्रात) आर्गॉन हा निष्क्रिय वायू फुंकल्याने काम भागेल का, आणि ॲल्युमिनियमचे प्रमाण वाढवत नेणे योग्य आहे का.

शेवटच्या दोन प्रश्नांचे उत्तर ‘बहुतांशी नाही’ असे आहे आणि पहिल्याचे ‘बऱ्याच अंशी होय’ असे आहे. त्याची कारणे समजून घेण्यासाठी आधी हे मान्य करावे लागते की ‘गॅस’ या एका शब्दाखाली आपण तीन वेगवेगळ्या स्वभावाचे वायू कोंबतो. हायड्रोजन ओलाव्यातून येतो, नायट्रोजन हवेतून, कार्बन वाढवण्याच्या पावडरीतून आणि स्क्रॅपमधून येतो, आणि ऑक्सिजन तर वितळवण्याच्या प्रक्रियेतच ठरतो. तिघांच्या येण्याच्या वाटा निराळ्या असल्यामुळे त्यांचे उपायही निराळे आहेत.

हायड्रोजन आणि नायट्रोजन द्रव पोलादात अणुरूपाने विरघळतात. त्यांचे विरघळलेले प्रमाण बाहेरील वायूच्या आंशिक दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते, हा सीव्हर्ट्सचा नियम. १६०० अंश सेल्सिअसला आणि एक वातावरण दाबाला शुद्ध लोहरसात हायड्रोजन सुमारे २६ पीपीएम, म्हणजे दहा लाखात २६ भाग, मावतो; नायट्रोजन सुमारे ४५० पीपीएम मावतो. आपल्या रसात यापेक्षा कितीतरी कमी वायू असतो, मग तो बुडबुडा होऊन बाहेर का पडतो? कारण गोठताना ही जागा एकदम आक्रसते. घन लोहात दोन्ही वायूंना द्रवातील जागेच्या जेमतेम तृतीयांश जागा मिळते, त्यामुळे गोठणाऱ्या स्फटिकांनी बाहेर ढकललेला वायू उरलेल्या रसात साठत जातो आणि तेथील त्याचा दाब वाढत जातो.

नियमातील वर्गमूळ उलट बाजूने वाचले की प्रमाण दुप्पट झाल्यावर दाब चौपट होतो. हायड्रोजन ४ पीपीएमवरून ८ वर गेला, तर बुडबुडा फुगवण्याची त्याची ताकद चौपट होते. उन्हाळ्यात काठावर असलेला माल पावसाळ्यात एकाएकी सच्छिद्र निघतो, त्यामागे हेच गणित आहे.

बुडबुडा तयार होण्यासाठी एकट्या हायड्रोजनने एक वातावरणाचा दाब गाठायला हवा असे मात्र नाही. हायड्रोजन, नायट्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड (रसातील कार्बन आणि ऑक्सिजन मिळून होणारा वायू) या तिघांचे दाब एकत्र मोजले जातात, आणि बेरीज वातावरणाचा दाब, वरच्या रसाचे वजन आणि पृष्ठताण यांना पुरून उरली की छिद्र पडते. या बेरजेत सर्वांत मोठा वाटा बहुधा कार्बन मोनॉक्साइडचा असतो. १६०० अंशांना कार्बन आणि ऑक्सिजन यांच्या टक्केवारीचा गुणाकार सुमारे ०.००२५ झाला की कार्बन मोनॉक्साइडचा दाब एक वातावरण होतो. म्हणजे ०.२५ टक्के कार्बनच्या पोलादात केवळ १०० पीपीएम ऑक्सिजन मोकळा राहिला, तर बाकी दोघांची मदत न घेताही पोलाद फसफसते. ॲल्युमिनियम टाकल्यावर मोकळा ऑक्सिजन काही पीपीएमवर येतो, कार्बन मोनॉक्साइडचा वाटा जवळजवळ संपतो आणि पिनहोल नाहीसे होतात. त्यावरून ‘ॲल्युमिनियमने गॅस काढला’ असे भट्टीवर म्हटले जाते, पण त्याने हायड्रोजनचा एक कणही काढलेला नसतो. त्याने बेरजेतील एक आकडा खोडलेला असतो, एवढेच.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. ओतलेल्या मालात ०.०२ ते ०.०५ टक्के ॲल्युमिनियम शिल्लक राहिले पाहिजे. त्याहून कमी राहिले, तर साच्यातील ओलाव्याची वाफ रसाला भिडताच हायड्रोजनबरोबर आत शिरलेला ऑक्सिजन बांधला जात नाही आणि कातडीखालचे पिनहोल पडतात. ०.०५ च्या वर गेल्यावर मात्र फायदा वाढत नाही, तोटे वाढतात. रसाची प्रवाहिता घटते, ॲल्युमिनाची मळी वाढते, आणि जाड भागांत, जेथे गोठणे सावकाश होते तेथे, ॲल्युमिनियम नायट्राइड कणांच्या सीमांवर बसून पोलाद ठिसूळ करते. असा भाग तुटला की तुटीवर खडीसाखरेसारखे मोठे चकचकीत पैलू दिसतात. हा दोष ॲल्युमिनियम आणि नायट्रोजन दोन्ही जास्त असताना येतो, म्हणून इंडक्शन भट्टीवाल्यांनी याबाबत विशेष सावध राहावे. आपल्याकडचा नायट्रोजन आधीच चढा असतो.

आणखी एक बाब फारशी बोलली जात नाही. ऑक्सिजन काढून टाकलेले पोलाद ओलाव्यासाठी अधिक भुकेले असते. पाण्याची वाफ रसाला भिडली की ती फुटून दोन अणू हायड्रोजन आणि एक अणू ऑक्सिजन रसात जातो. रसात ऑक्सिजन आधीच भरपूर असेल तर ही क्रिया मागे रेटली जाते, आणि ऑक्सिजन कमी असेल तर पुढे ओढली जाते. म्हणजे त्याच ओल्या लेडलमध्ये ॲल्युमिनियम टाकलेला रस अधिक हायड्रोजन उचलतो. नायट्रोजनचेही काहीसे असेच आहे. पृष्ठभागावर जमलेले ऑक्सिजन आणि गंधक यांचे अणू नायट्रोजनला आत शिरू देत नाहीत. म्हणून ॲल्युमिनियम भट्टीत आधीच टाकून ठेवू नये. भट्टीत मँगनीज आणि सिलिकॉन द्यावे आणि ॲल्युमिनियम टॅपिंगच्या, म्हणजे भट्टीतून रस लेडलमध्ये काढण्याच्या, वेळी, लेडल तृतीयांश भरल्यानंतर, धारेखाली जाईल अशा बेताने द्यावे.

आता आर्गॉन. फुंकलेल्या आर्गॉनच्या बुडबुड्यात सुरुवातीला हायड्रोजन शून्य असतो, म्हणून रसातील हायड्रोजन त्यात शिरतो आणि बुडबुड्याबरोबर वर निघून जातो. तत्त्व बरोबर आहे. पण एका बुडबुड्यात किती हायड्रोजन मावेल, हे पुन्हा सीव्हर्ट्सच ठरवतो. ५ पीपीएम हायड्रोजन असलेल्या रसाच्या समतोलात बुडबुड्यातील हायड्रोजनचा दाब वातावरणाच्या चार टक्क्यांहूनही कमी असतो, आणि रस शुद्ध होत जाईल तसा तो आणखी घटतो. याचा हिशोब केला, तर ५ पीपीएमवरून ३ पर्यंत येण्यासाठी दर टनाला सुमारे एक घनमीटर आर्गॉन लागतो, तेही प्रत्येक बुडबुडा पूर्ण भरून वर जातो असे मानले तर. तुमच्या तीन टनांना तीन घनमीटर, म्हणजे सात घनमीटरच्या सिलिंडरचा अर्ध्याहून थोडा कमी भाग. खर्च फार नाही. अडचण वेळेची आहे. पृष्ठभाग न फोडता मिनिटाला ३०-४० लिटर आर्गॉन सोडला, तर सव्वा तासाहून अधिक वेळ लागेल, आणि एवढ्या लहान लेडलमधील रस तोवर ओतण्याजोगा राहणार नाही. घाई करून जोराने फुंकला, तर वरची स्लॅग (मळीचा थर) बाजूला सरकून रस उघडा पडतो आणि श्रावणातल्या दमट हवेतून हायड्रोजन व नायट्रोजन दोन्ही आत येतात. म्हणून आर्गॉन दोन-तीन मिनिटे, हळुवार, तापमान आणि घटक एकसारखे व्हावेत आणि मळी वर यावी एवढ्यासाठी वापरावा. त्याच्याकडून डीगॅसिंगची अपेक्षा ठेवू नये.

मग वायू काढण्याचे साधन आपल्याकडे उरतेच कोणते? ते कार्बनची उकळी हे आहे, आणि ते पोलाद बनवण्याइतकेच जुने आहे. रसातील ०.१ टक्का कार्बन जळाला, तर दर टनाला जवळजवळ १.९ घनमीटर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. वर आर्गॉनचा जो हिशोब मांडला, त्याच्या हे दुपटीच्या आसपास आहे. शिवाय हा वायू आर्गॉनसारखा तळाच्या एका प्लगमधून येत नाही, साऱ्या रसातून उठतो. त्याच्या बुडबुड्यांत हायड्रोजन आणि नायट्रोजन दोन्ही शिरतात आणि धुऊन निघतात. आर्क भट्टीवाले ऑक्सिजन लान्सने (रसात ऑक्सिजन फुंकणाऱ्या नळीने) ०.३ टक्के किंवा अधिक कार्बन जाळतात, ते एवढ्याचसाठी. इंडक्शन भट्टीत लान्स नसते, पण स्पंज आयर्नमध्ये (न वितळवता ऑक्सिजन काढलेल्या लोहखनिजात) थोडा लोहऑक्साइड उरलेला असतो. चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत भरायच्या मालात, थोडे पिग आयर्न (जास्त कार्बनचे कच्चे लोखंड) घेऊन कार्बन वर ठेवला आणि स्पंज आयर्न वितळलेल्या रसात सावकाश, सतत देत राहिले, तर उकळी आपोआप मिळते. स्पंज आयर्नमध्ये नायट्रोजनही स्क्रॅपपेक्षा कमी असतो, हा दुसरा लाभ.

मात्र तुमच्या भट्टीचे आतले अस्तर सिलिकाचे आहे. लोहऑक्साइड सिलिकाला खातो, आणि उकळी लांबवली तर अस्तराचे आयुष्य घटते. म्हणून उकळी मध्यम ठेवावी, ती वितळण्याच्या काळातच संपवावी, आणि नंतर रस भट्टीत तापवत ठेवू नये. जास्त तापमानाला रसात वायू अधिक मावतो आणि सिलिकाच्या अस्तरातून सिलिकॉनही रसात उतरू लागतो. ‘लेडल अजून तापते आहे, भट्टी चालू ठेवा’ ही सवय दोन्ही बाजूंनी महाग पडते. उकळी संपल्यापासून साचा भरेपर्यंतचा वेळ जितका कमी, तितका चांगला, कारण त्या काळात वायू फक्त आत येऊ शकतो, बाहेर जाऊ शकत नाही.

यापुढचे सारे काम ओलावा रोखण्याचे आहे, आणि माझ्या मते पावसाळ्यातील तुमची खरी अडचण येथेच आहे. एक आकडा भट्टीच्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे: एक टन पोलादात नऊ ग्रॅम पाणी पूर्ण गेले, तर एक पीपीएम हायड्रोजन वाढतो. नऊ ग्रॅम पाण्याने चहाचे दोन चमचेही भरत नाहीत. सगळे पाणी रसात जात नाही हे खरे, पण दहावा हिस्सा गेला तरी एका टनामागे पाव लिटर ओलाव्याने जवळजवळ तीन पीपीएम वाढतात.

आखाजीच्या सुमारास आपल्याकडे दुपारी ४२ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता धरली, तर हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे ८ ग्रॅम पाणी असते. पोळ्याच्या सुमारास २८ अंश आणि ८५ टक्के धरले, तर ते सुमारे २३ ग्रॅम होते. तापी-पांझरेच्या खोऱ्यातील उन्हाळा इतका कोरडा असतो की आठ महिने निष्काळजीपणा खपून जातो, आणि पावसाळ्यात त्याच सवयी अंगलट येतात. तरीही हवेतील थेट वाफेपेक्षा त्या हवेत पडून राहिलेल्या वस्तूंनी शोषलेला ओलावा अधिक घातक असतो, म्हणून लक्ष त्या वस्तूंवर हवे.

त्यांत पहिला क्रम अस्तराचा. रॅमिंग मासमध्ये (अस्तर ठोकून बसवण्याच्या भुकटीत) बोरिक ॲसिड असेल, तर त्या ॲसिडच्या वजनाच्या सुमारे ४४ टक्के पाणी रासायनिक रूपाने बांधलेले असते आणि ते तापल्यावरच सुटते. एक टन रॅमिंग मासमध्ये १.२ टक्के म्हणजे १२ किलो बोरिक ॲसिड असेल, तर पाच किलोहून अधिक पाणी त्या भिंतीत असते, आणि मास कोरडा दिसतो म्हणून ते नसते असे होत नाही. बोरिक ॲसिडऐवजी बोरिक ऑक्साइड असलेला मास घेतला की हा भार खूप कमी होतो. किंमत थोडी जास्त आहे, पण पावसाळ्यापुरता तरी तो घ्यावा. सिंटरिंगचा (अस्तर तापवून घट्ट करण्याचा) वेळ कधीही छाटू नये, आणि नव्या अस्तरावरील पहिल्या काही हीट्स (वितळवण्याच्या फेऱ्या) व्हॉल्व्हच्या मालासाठी वापरू नयेत. मालाच्या नोंदीत ‘अस्तरावरची कितवी हीट’ हा रकाना नसेल, तर आजच घालावा. पिनहोलच्या तक्रारी आणि हा रकाना शेजारी ठेवले की बरेच काही आपोआप कळते.

लेडलबाबत एवढेच सांगतो की आतली बाजू लाल दिसली म्हणजे लेडल कोरडे झाले असे नसते. नव्या अस्तराच्या मागच्या थरातील पाणी बाहेर यायला तास लागतात. बर्नर सावकाश, झाकण ठेवून चालवावा, आणि लेडल किमान ८०० अंशांच्या वर असतानाच टॅपिंग घ्यावे. फेरो-अलॉय, विशेषतः फेरो-मँगनीज आणि फेरो-सिलिकॉन, पत्र्याच्या शेडमध्ये उघड्या पोत्यांत ठेवलेले मी अनेक ठिकाणी पाहतो. भट्टीच्या उष्णतेवरच एक ट्रे बांधून ते २००-३०० अंशांवर काही तास ठेवले, तर पृष्ठभागावरचे पाणी जाते. इलेक्ट्रोलिटिक मँगनीजमध्ये तर हायड्रोजन धातूतच विरघळलेला असतो, ते शेवटच्या क्षणी लेडलमध्ये देणे टाळावे.

स्क्रॅपवरचा तांबूस गंज हा पाणी धरून ठेवणारा ऑक्साइड आहे, आणि टर्निंगवरच्या (मशिनिंगच्या किसावरच्या) कटिंग ऑइलमध्ये वजनाच्या आठव्या हिश्श्याइतका हायड्रोजन असतो. असा माल भट्टीच्या तळाशी, सुरुवातीला द्यावा, म्हणजे वितळण्याआधीच बराचसा ओलावा आणि तेल जळून जाते आणि राहिलेले उकळीत धुऊन निघते. शेवटी कमी पडले म्हणून तयार रसात ओला स्क्रॅप टाकणे हा गुणवत्तेचा प्रश्न होण्याआधी जिवाचा प्रश्न आहे. रसाखाली पाणी अडकले की स्फोट होतो.

ज्यांच्याकडे लेडल रिफायनिंग फर्नेस (लेडलमध्येच पोलाद शुद्ध करणारी भट्टी) आहे, त्यांच्यासाठी येथे चुन्याचा इशारा जोडतो, कारण हा प्रश्न तेही विचारतात. दर टनाला १० किलो चुनकळी टाकली आणि तिने पावसाळ्यात दोन टक्के पाणी शोषलेले असेल, तर २०० ग्रॅम पाणी, म्हणजे कागदावर २२ पीपीएम हायड्रोजन होतो. विरलेला चुना पाणी सोडतो तेच मुळी ५०० अंशांच्या पुढे, म्हणून तो उन्हात वाळवून काही साधत नाही. चुनकळी ताजी, बंद पिशव्यांतील आणि थोड्या दिवसांच्या गरजेपुरतीच मागवावी. तुमच्या सिलिका अस्तराला चुना चालतच नाही, तेव्हा ही काळजी तुम्हाला नाही.

साच्यांचाही वाटा मोठा आहे. सिलिकेट-कार्बन डायऑक्साइडचे साचे दमट हवेत रात्रभर पडले की ओलावा शोषतात; ओतण्याआधी टॉर्चने किंवा गरम हवेने वाळवून लगेच बंद करावेत. फ्युरान वा इतर रेझिनचे साचे असतील, तर रेझिनमधील आणि पुन्हा पुन्हा वापरलेल्या वाळूत साचलेला नायट्रोजन तपासावा. नायट्रोजनची छिद्रे अनेकदा गोल न राहता लांबट, भेगेसारखी, पृष्ठभागाला काटकोनात असतात, आणि कितीही वाळवले तरी ती कमी होत नाहीत. कार्बन वाढवण्यासाठी वापरलेल्या पेट्रोलियम कोकची प्रतही पाहावी. ग्राफिटाइझ्ड प्रकारात नायट्रोजन अगदी कमी असतो, साध्या कोकमध्ये तो बराच असतो.

निदानाचे काही स्वस्त मार्ग आहेत. टॅपिंगआधी कोरड्या, गरम साच्यात रसाचा लहान कप ओतावा. माथा खोल बसला तर वायूंची बेरीज काबूत आहे. माथा फुगला किंवा ठिणग्या उडाल्या तर ऑक्सिजन मोकळा आहे. टेन्साइल (ओढून तोडण्याच्या) चाचणीत ताकद बरोबर पण लांबीवाढ कमी आली आणि तुटीवर माशाच्या डोळ्यासारखे पांढरे ठिपके दिसले, तर त्याच हीटची दुसरी टेस्ट बार २०० अंशांच्या आसपास दीर्घकाळ ठेवून पुन्हा ओढावी. लांबीवाढ परत आली, तर दोषी हायड्रोजन. नायट्रोजन आणि ऑक्सिजनसाठी नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत देता येतो, पण हायड्रोजनचा नमुना साध्या पिशवीतून पाठवू नये. हायड्रोजन खोलीच्या तापमानालाही पोलादातून निसटतो, म्हणून नमुना तत्काळ पाण्यात थंड करून द्रव नायट्रोजन किंवा कोरड्या बर्फात ठेवावा लागतो. मोठे कारखाने हायड्रिस प्रोबने रसातच हायड्रोजन आणि सेलॉक्स प्रोबने ऑक्सिजन मोजतात.

राहिला व्हॅक्यूमचा विषय. १९५० च्या दशकात जनित्र आणि टर्बाइनचे प्रचंड रोटर फुटण्याच्या घटना घडल्या आणि त्यानंतर जर्मनीत व्हॅक्यूम डीगॅसिंगला वेग आला. दाब एका वातावरणाच्या हजाराव्या हिश्श्यावर आणला, की समतोलातील हायड्रोजन एका पीपीएमच्या खाली जातो, आणि खालून फुंकलेला तोच आर्गॉन कितीतरी पटींनी फुगून काम करतो. पंधरा-वीस मिनिटांत हायड्रोजन दोन पीपीएमच्या आत येतो. भुसावळ जंक्शनवरून मालगाड्या ज्या रुळांवरून धावतात, त्या प्रकारच्या रुळांचे पोलाद भिलाईला आरएच डीगॅसरमधून (रस पोकळीत फिरवून वायू काढणाऱ्या यंत्रातून) जाते, कारण रुळातील हायड्रोजनची केशभेग पुढे गाडीखाली वाढत जाते. नायट्रोजन मात्र व्हॅक्यूमलाही सहजी दाद देत नाही. कागदावर तो १४ पीपीएमपर्यंत यायला हवा, पण गंधक आणि ऑक्सिजन पृष्ठभाग अडवून बसलेले असतील तर तो जेमतेम हलतो. गंधक आधी फार खाली आणावे लागते.

तुमच्या पंप-व्हॉल्व्हच्या मालाला या यंत्रणेची गरज नाही. जाड भाग, समजा १५० मिलिमीटरच्या वरचे, अधूनमधून येत असतील, तर ते कोरड्या महिन्यांत आणि मुरलेल्या अस्तरावर ओतावेत, साच्यातच सावकाश थंड होऊ द्यावेत आणि राइजर (गोठताना मालाला रस पुरवणारा जादा भाग) कापण्याआधी ६०० ते ६५० अंशांवर जाडीच्या मानाने पुरेसा वेळ ठेवावेत, म्हणजे उरलेला हायड्रोजन भेग पाडण्याआधी बाहेर झिरपतो. ग्राहकाने द्रव पोलादातील हायड्रोजनची मर्यादा लेखी मागितली असेल, तर मात्र ती ऑर्डर व्हॅक्यूम डीगॅसिंग असलेल्या कारखान्याकडे वळवावी.